खुर्चीचा हिशेब

उस्तादांना लोक उस्ताद म्हणत ते त्यांच्या हातामुळे. जिभेमुळे कुणी म्हटलं नसतं. केस कापणारा माणूस म्हटला की तो बोलणारच, अशी सगळीकडे समजूत असते. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की इकडच्या तिकडच्या बातम्या सुरू. उस्तादांचं तसं नव्हतं. सुरुवातीला "बारीक?" आणि शेवटी "झालं", एवढाच त्यांचा संवाद. मधलं सगळं कात्री बोलायची. गंमत अशी की त्यामुळेच बोलायची हौस असलेली माणसं त्यांच्याकडे येऊन बसत. मधे तोंड घालणारं कुणी नसलं की माणूस कसा मोकळा होतो.

अशा माणसाला एका सकाळी कंपनीची नोटीस आली. आणि तिचं उत्तर कात्रीने देता येण्यासारखं नव्हतं.

कंपनीचं प्रकरण आधी सांगायला हवं. उस्तादांचं दुकान त्यांच्या वडिलांच्या वेळचं. दोन खुर्च्या. एकीचं रेक्झिन फाटलेलं, आणि दुसरी एकदा मागे रेलली की तिला सरळ करायला गिऱ्हाइकालाच कंबर कसावी लागे. पण चाललं होतं. एक दिवस बायकोचा भाऊ, म्हणजे वयाने धाकटा पण सल्ल्याने थोरला, हातात रंगीत पत्रकं घेऊन दुकानात आला.

"भाऊजी, जग कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे बसलाय!"

"इथेच," उस्ताद म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. फ्रँचायझी घ्या."

हा शब्द मेहुणा अशा थाटात उच्चारायचा की ऐकणाऱ्याला ते त्याच्या सासरचं आडनाव वाटावं. सांगायचा मुद्दा साधा होता. केशकर्तनाच्या दुकानांची एक मोठी कंपनी होती. पाटी तिची, आरसे तिचे, दिवे तिचे, खुर्च्याही तिच्या. दुकान चालवायचं उस्तादांनी, आणि कापलेल्या प्रत्येक डोक्यामागे ठरलेला वाटा कंपनीला द्यायचा. करारनामा उशीएवढा जाड होता. मेहुण्याने त्याचं पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं आणि म्हणाला, "मधलं सगळीकडे सारखंच असतं."

उस्तादांनी सही केली. बायको म्हणाली होती, "अहो, मधलंही वाचून घेऊ." पण तोवर पेनाचं टोपण लावून झालं होतं.

दुकान चकाचक झालं. जुनं लाकडी बाकडं गेलं आणि त्याच्या जागी दोन उंच स्टुलं आली. एवढी उंच, की त्यांवर बसलेल्या माणसाचे पाय पाळण्यातल्या बाळासारखे लोंबकळत. खुर्च्या मात्र राजाला बसवावं अशा होत्या. काळ्या, गुबगुबीत, पायाने दांडा दाबला की वर जाणाऱ्या आणि मान टेकली की झोप आणणाऱ्या. त्या तीन होत्या, कारण करारात खुर्च्या तीनच हव्यात असं लिहिलेलं होतं. हात किती हवेत, त्याबद्दल काही नव्हतं. उस्तादांना दोनच होते.

आता दुकानाचे नेहमीचे बसणारे तिघे होते. एक निवृत्त बस कंडक्टर, ज्यांचा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा. दुसरे घड्याळजी, ज्यांनी दुकान बंद केलं होतं पण दुसऱ्याच्या मनगटाकडे बघून 'मागे आहे' म्हणायची सवय सोडली नव्हती. तिसरे शाळेतले चित्रकलेचे सर. तिघंही रोज सकाळी पेपर वाचायला यायचे. स्टुलावर चढणं त्या वयात जमेना. मग एके दिवशी कंडक्टर सरळ रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले, पाठोपाठ घड्याळजी, आणि उस्तादांकडे गिऱ्हाईक नसलं की तिसरीत सर. दुपारी बायकोची मावशी बाजारातून येताना पाठ दुखते म्हणून खुर्ची मागे रेलवून घटकाभर डोळे मिटायची. दुकानात आलेल्या माणसाला ऊठ म्हणू नये, ही वडिलांची शिकवण होती. तशीही ऊठ म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

अशी दोन वर्षं सुखाने गेली आणि नोटीस आली.

नोटिशीत लिहिलं होतं की, आपण जेवढी डोकी कापता त्यांतली एक तृतीयांशच हिशेबात दाखवता, बाकीची दडवता. सबब राहिलेला वाटा व्याजासह भरावा, अन्यथा करार रद्द होईल. मेहुण्याने आता करारनाम्याचं मधलंही वाचलं. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"करार रद्द झाला तर पाटी, आरसे, खुर्च्या परत."

"नेऊ देत," बायको म्हणाली. "जुन्या अजून माळ्यावर आहेत."

"आणि... पुढची दोन वर्षं भाऊजींनी या शहरात केस कापायचे नाहीत. स्वतःच्या दुकानात नाही, दुसऱ्याच्याही नाही."

उस्तादांनी आपले हात बघितले. त्यांना दुसरं काय येत होतं? घरात भाजी चिरायला दिली, तर ती सगळ्या बाजूंनी सारखी करण्यात त्यांचा तास जायचा. पैशाचं संकट त्यांनी आधी पाहिलेलं होतं, ते येतं आणि जातं. पण दोन वर्षं रस्त्याने जाणाऱ्या माणसांच्या माना मागून बघायच्या आणि हात खिशात ठेवायचे, हे त्यांच्या कल्पनेतही मावेना.

करारात भांडणाच्या तीन पायऱ्या दिल्या होत्या. आधी सामोपचाराची बोलणी. त्यात जमलं नाही तर मध्यस्थ. तिथेही फिस्कटलं तर लवाद, ज्याचा निकाल दोघांवर बंधनकारक आणि ज्याच्या खर्चात असली तीन दुकानं विकली गेली असती.

सामोपचारासाठी कंपनीचा वसुली अधिकारी दुकानात आला. तरुण पोरगा. मोबाइलमधून मान वर न काढता तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काका, लपवून उपयोग नाही. खुर्ची सांगते."

"कोणती खुर्ची?" बायकोने विचारलं.

"ही. तिन्ही. सीटखाली एक पट्टी आहे. आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ कुणी बसलं की एक कटिंग. कंपनीने अभ्यास केलाय. आठ मिनिटांच्या आत कुणाचे केस कापून होत नाहीत, आणि केस कापायचे नसतील तर आठ मिनिटं सलूनच्या खुर्चीत कुणी बसत नाही."

शेजारच्या खुर्चीत कंडक्टर पेपर वाचत होते. बायको म्हणाली, "हे बघा, हे बसलेत की! यांचं काय कापलं आम्ही?"

"ग्राहक आहेत," अधिकारी मोबाइलला म्हणाला.

"कोण ग्राहक?" कंडक्टर गरजले. "मी नुसता बसलोय!"

"तेच ते."

उस्तादांना खूप सांगायचं होतं. वाक्यं घशापर्यंत आली, पण तिथे अशी रेटारेटी झाली की एकही बाहेर पडलं नाही. सातव्या मिनिटाला अधिकारी उठून उभा राहिला, आणि सामोपचाराची पायरी संपली.

"लवाद!" मेहुणा मूठ आपटून म्हणाला. "त्यांना दाखवतोच."

"आधी मधल्या पायरीवर पाय ठेव," बहीण म्हणाली. "नाहीतर तोंडावर पडशील आणि आम्ही खाली असू."

मध्यस्थीच्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं. जागा एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट तिसऱ्यावर थांबत नसे, म्हणून चौथ्यावर जाऊन एक मजला उतरायचा. मधे एक मोठी खोली, तिच्यात लांब टेबल आणि त्यावर धूळ बसलेली प्लॅस्टिकची फुलं. दोन्ही अंगांना एकेक लहान खोली. बाहेरच्या बोळात लोखंडी खुर्च्यांची रांग, सगळ्या एकमेकींना जोडलेल्या; एक हलली की सगळ्या करकरत.

मध्यस्थबाई कोर्टातून निवृत्त झालेल्या. चष्मा दोरीला, गुडघ्याला पट्टा. समोर कंपनीची वकीलबाई, वयाने लहान पण फायलीने मोठी, आणि शेजारी तो अधिकारी.

"मी निकाल देणार नाही," मध्यस्थबाईंनी सुरुवात केली. "निकाल द्यायची हौस होती, ती नोकरीत फिटली. तुम्ही दोघं मिळून जे ठरवाल ते लिहून काढायचं काम माझं. जमलं नाही तर लवाद आहेच. आणि बाजूच्या खोलीत मला एकटीला जे सांगाल, ते तुमच्या परवानगीशिवाय पलीकडे जाणार नाही. कळलं? बोला."

मेहुणा उभा राहिला. शर्टाची कॉलर नीट केली. "महोदया! लहान माणसाच्या घामावर ज्यांचे महाल उभे राहतात..."

"आपण कोण?"

"मी? मेहुणा."

"कोणत्या बाजूचे?"

"म्हणजे काय! यांच्या."

वकीलबाईने फाइलचं एक पान उलटलं. "यांचं नाव आमच्याही कागदात आहे. व्यवसाय सहकारी म्हणून. दुकान मिळवून दिल्याबद्दल भेटवस्तू पोचती केल्याची पावती आहे."

"कसली भेटवस्तू?" बायकोने विचारलं.

"मायक्रोवेव्ह."

बायकोने सावकाश भावाकडे मान वळवली. "तू तर म्हणाला होतास सोडतीत लागला."

"ताई, एका अर्थी बघितलं तर नशिबानेच..."

"खाली बस."

तो बसला. मग अधिकाऱ्याने आलेख मांडले. रंगीत खांबांची चित्रं. आठवड्याच्या मधल्या दिवसांतली सकाळ ही म्हणे दुकानाची सगळ्यात गर्दीची वेळ. तिन्ही खुर्च्या भरलेल्या, दोन-दोन तास. "आणि बिलं? शून्य. एखादं कुठेतरी. सरळ आहे ना? यांनी बिनहिशेबी दोन कारागीर ठेवलेत."

उस्ताद त्या खांबांकडे बघत राहिले. सगळ्यात उंच खांब कंडक्टरांचा असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. पण तोंड उघडावं तर सगळे आपल्याकडे बघणार, आणि सगळे आपल्याकडे बघत असताना बोलायचं म्हणजे आरशात बघून स्वतःचेच मागचे केस कापण्यासारखं.

मध्यस्थबाईंनी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं. बायको आणि मेहुणा मागोमाग. दार लावलं.

"आता सांगा. पैसे बाजूला ठेवा. तुमचं खरं काय जातंय यात?"

"अहो बाई, हे काय आहे..." बायकोने सुरुवात केली.

"त्यांना बोलू द्या."

पंखा घरघरत होता. मध्यस्थबाईंनी घाई केली नाही. त्यांनी गुडघ्याचा पट्टा सैल करून पुन्हा बांधला. शेवटी उस्ताद म्हणाले, "कात्री."

"कात्रीचं काय?"

"दोन वर्षं बंद होते." मग ते त्या दिवसाचं आतापर्यंतचं सगळ्यात लांब वाक्य बोलले. "मला दुसरं काहीच येत नाही हो, बाई."

बाईंनी मान हलवली. काही लिहिलं नाही. "बरं. मग त्या खुर्च्यांत बसतं कोण?"

"माणसं."

"कोणती माणसं?"

तेवढ्यात बाहेरून असा आवाज आला की बोळातून बस चालली आहे असं वाटावं. "पुढे सरका! पुढे सरका! दोघांना अजून जागा आहे!"

मध्यस्थबाईंनी दार उघडलं. पलीकडच्या दारातून वकीलबाई आणि अधिकारी डोकावले. बोळात लोखंडी खुर्च्यांवर तिघंजण ऐसपैस बसले होते. सकाळी नेहमीप्रमाणे दुकानावर गेले, तर कुलूप. शेजाऱ्याला विचारलं, पत्ता मिळवला आणि बसने इथे आले. साक्ष वगैरे त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना फक्त बसायला जागा हवी होती. गरम होतंय म्हणून तिघांनीही टोप्या काढून मांडीवर ठेवल्या होत्या, आणि ट्यूबलाइटखाली तीन डोकी अशी लखलखत होती की शिपायाने एक दिवा बंद केला असता तरी चाललं असतं.

"हे कोण?" मध्यस्थबाईंनी विचारलं.

"हेच ते," बायको म्हणाली. "तीन खुर्च्या. सकाळची गर्दी."

वकीलबाईने डोक्यांकडे बघितलं, हातातल्या आलेखाकडे बघितलं, पुन्हा डोक्यांकडे बघितलं आणि खालचा ओठ दातांत धरला. अधिकाऱ्याने पहिल्यांदाच मोबाइलमधून मान वर काढली.

"तुम्ही यांच्या दुकानात केस कापायला जाता?" मध्यस्थबाईंनी कंडक्टरांना विचारलं.

कंडक्टरांनी पुढून मागे डोक्यावरून हात फिरवला. "बाई, कापायला काय शेजाऱ्याचे उसने आणू?"

शिपाई आधी हसला. मग घड्याळजी. मग वकीलबाईने फाइल तोंडासमोर धरली, पण फाइल हलत होती.

"जिंकलो!" मेहुणा ओरडला. "भाऊजी, जिंकलो!"

आणि इथेच गाडी थांबून प्रकरण निस्तरलं असतं, तर बरं झालं असतं. पण चित्रकलेचे सर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"एक मिनिट. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. हे दोघं रिकामटेकडे असतील. मी रीतसर गिऱ्हाईक आहे." असं म्हणून ते पाठमोरे झाले. या कानापासून त्या कानापर्यंत, गळ्यातल्या मफलरसारखी, केसांची एक बारीक पट्टी होती. "दर महिन्याला कापून घेतो. मागची रेषा बघा. पट्टी लावून बघा. असा हात शहरात नाही."

वकीलबाईचं हसू थांबलं. पेन वर आलं. "बिल मिळतं तुम्हाला?"

"बिल कशाला? उस्ताद माझ्याकडून पैसे घेतच नाहीत. ही नवी खुर्ची आल्यापासून एक पैसा घेतलेला नाही."

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, गप बसा ना!" कंडक्टर दातांतल्या दातांत म्हणाले.

"का गप बसू? मला केस आहेत हे सांगायला आता वकिलाची परवानगी लागणार?"

"फुकट कापले तरी कंपनीचा वाटा द्यावाच लागतो," वकीलबाई म्हणाली. "करारात स्पष्ट आहे. म्हणजे हिशेबात न दाखवलेली कटिंग होती, हे मान्य झालं."

"सगळ्यांनी आपापल्या खोलीत चला," मध्यस्थबाई म्हणाल्या.

खोलीत आल्यावर त्यांनी विचारलं, "खरं आहे?"

उस्तादांनी मान डोलावली.

"का नाही घेत पैसे?"

"त्यांचे कापण्यापेक्षा शोधायलाच जास्त वेळ लागतो," उस्ताद म्हणाले. "शोधण्याचे पैसे कसे घ्यायचे?"

"आणखी कुणाचे फुकट कापता?"

उस्ताद छताकडे बघत आठवू लागले. "समोरचा शिंपी. तो माझ्या पँटी अल्टर करतो. मग नोकरीच्या मुलाखतीला निघालेली पोरं... पहिल्या मुलाखतीला. दुसरीला घेतो. मावशीचा नातू. पाववाला. आजारातून उठलेलं कुणी असलं तर... आणि एकदा एक माणूस आला, तो पाकीट विसरला होता, पुढच्या महिन्यातही विसरला..."

"भाऊजी!" मेहुणा कळवळून म्हणाला. "जन्मभर मूग गिळून बसलात, आणि तोंड उघडायला आजचा दिवस सापडला?"

मध्यस्थबाई पलीकडच्या खोलीत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. दोन खोल्यांमधली भिंत कसली, लाकडी फळीच ती. थोड्या वेळाने पलीकडून अधिकाऱ्याचा आवाज चढला. "...पण खुर्ची चुकते असं लिहून दिलं तर बाकीची दुकानं काय म्हणतील? सगळीच हिशेब मागतील!" मग कुणीतरी "श्शू" केलं.

मेहुण्याचे डोळे चमकले. त्याने कान फळीला लावला. "ऐकलंत? टरकलेत! खुर्ची सगळीकडेच चुकते आहे. भाऊजी, आता सोडायचं नाही. लवादात जायचं. पेपरात छापून आणायचं. सगळे सलूनवाले तुमच्या मागे उभे राहतील. तुम्ही पुढारी व्हाल, पुढारी!"

उस्तादांनी कल्पना करून बघितली. पुढे शे-दोनशे सलूनवाले, हातात माइक. ती कल्पना त्यांनी तिथेच सोडून दिली. पण मेहुण्याचं सगळंच खोटं नव्हतं, हेही त्यांना कळत होतं. नोटिशीत 'दडवता' असा शब्द होता. चोराला लावायचा शब्द. तो वाचला तेव्हापासून जेवताना, आंघोळ करताना, दाढी करताना तो त्यांना बोचत होता. खुर्ची चुकली, आम्ही चुकलो, असं त्यांनी एकदा कागदावर लिहून द्यावं आणि तो कागद आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवावा, असं त्यांना फार वाटत होतं.

मध्यस्थबाई आत आल्या. "त्या खोलीतलं काही मला सांगता येणार नाही."

"भिंत सांगते ना," बायको म्हणाली.

"भिंतीवर माझा ताबा नाही. मी एवढंच विचारायला आलेय, तुम्हाला कागदावर काय हवं?"

"माफी!" मेहुणा म्हणाला. "नुकसानभरपाई! आणि खुर्ची खोटारडी आहे अशी जाहीर कबुली!"

"त्यांना विचारतेय मी."

उस्तादांनी बायकोकडे बघितलं. इतक्या वर्षांत वाणसामानापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांशी बोलायचं काम तिने केलं होतं. आताही ती बोलेल असं त्यांना वाटलं. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही सांगा. मी इथेच बसलेय."

उस्ताद उभे राहिले. बसून त्यांना काही सुचत नसे. आयुष्य उभ्यानेच गेलं होतं.

"खुर्चीचं काही लिहू नका," ते म्हणाले. "त्यांची खुर्ची, त्यांना काय करायचं ते करू देत. ते दोन वर्षांचं कलम तेवढं काढून टाका. आज नाही, पुढे कधी करार मोडला तरी नाही. माझे हात करारात नकोत." ते थांबले. कुणी मधे बोललं नाही, म्हणून पुढे म्हणाले, "जे खरंच फुकट कापले, त्यांचा वाटा मी भरतो. तो त्यांचा आहे. आणि ती नोटीस त्यांनी परत न्यावी. माझ्या घरात ती नको."

"भाऊजी, हातातली बाजी घालवलीत!" मेहुणा म्हणाला.

"तू मायक्रोवेव्हचं बघ," बहीण म्हणाली. तिचे डोळे ओले झाले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

पलीकडच्या खोलीला हे एवढं गोड वाटलं की त्यांनी कलमावर फार ओढाताण केली नाही. सगळे पुन्हा लांब टेबलाशी जमले. अडलं ते भलत्याच ठिकाणी. फुकट डोकी किती, हे कसं ठरवायचं? नोंद कुठेच नव्हती.

"खुर्चीच्या आकड्यांवरून अंदाज..." अधिकारी म्हणाला. वकीलबाईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो पुन्हा मोबाइलमध्ये गेला.

शेवटी आठवून आठवून यादी केली. शिंप्याचं ठरलं, मुलाखतवाल्या पोरांचं ठरलं. मग सरांपाशी गाडी अडकली. त्यांना आत बोलावलं.

"कंपनीच्या दरपत्रकात पुरुष आणि मुलं असे दोनच दर आहेत," वकीलबाई म्हणाली. तिलाही आता थोडी दया आली होती. "यांचं काम तसं कमीच असतं. मुलांच्या दराने धरू या. वाटा कमी बसेल."

"मुलांच्या?" सर ताडकन म्हणाले. "मी एकाहत्तर वर्षांचा आहे!"

"सर, तुमच्या फायद्याचं..."

"पुरुषांच्या दराने धरा! पूर्ण!"

"अहो सर," बायको काकुळतीला आली, "पैसे आम्हाला भरायचे आहेत!"

"मग मी भरतो! सगळे! दोन वर्षांचे! पण मुलांमध्ये माझी गणती होता कामा नये."

"तुमच्याकडून मी घेणार नाही," उस्ताद म्हणाले.

"घ्यावेच लागतील!"

"नाही घेणार."

आयुष्यात पहिल्यांदाच उस्तादांचा आवाज चढला होता, आणि तो पैसे न घेण्यासाठी. मध्यस्थबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा वाद करारनाम्यात बसत नाही. तो तुम्ही दोघं बाहेर जाऊन करा. इथे पूर्ण दर लिहितेय. कंपनीने व्याज सोडावं, म्हणजे दोन्हीकडे सारखं होईल. चालेल?"

चाललं. या दुकानाचा वाटा यापुढे बिलांवरून मोजायचा, असं ठरलं. खुर्च्यांखालच्या पट्ट्या 'देखभालीसाठी' काढून नेण्याचं ठरलं. देखभाल किती दिवस चालेल, हे कुणी विचारलं नाही. नोटीस परत गेली. कलमावर आडवी रेघ मारून दोघांनी शेजारी सह्या केल्या. उस्तादांनी ती रेघ नीट निरखून बघितली. जरा वाकडी होती. पण होती.

जिन्यापाशी वकीलबाई मागून आली. "काका, हे मी सांगायला नको. पण आता तुम्ही मोकळे आहात. उद्या कंपनी सोडून समोरच्याच गाळ्यात स्वतःची पाटी लावलीत, तरी आम्हाला काही करता येणार नाही."

"हो का?" उस्ताद म्हणाले.

बसस्टॉपवर मेहुणा जरा लांब, खांबाला टेकून उभा होता. मायक्रोवेव्ह परत द्यावा लागेल का, हे कुणाला विचारावं ते त्याला समजत नव्हतं. सर आणि कंडक्टर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि घड्याळजी दोघांशी बोलत होते.

बायकोने हळूच विचारलं, "मग? सोडायची का कंपनी? माळ्यावरच्या खुर्च्या पुसून काढते मी."

उस्तादांनी विचार केला. दिवसभरात एवढं बोलणं झालं होतं की घसा दुखत होता. पुढे रांगेत एक माणूस उभा होता. मानेवर केस कॉलरपर्यंत आलेले, एका बाजूला जास्त, कुणीतरी घाईत कापलेले. उस्तादांची बोटं आपोआप हलली.

"बघू," ते म्हणाले.

"बघू म्हणजे काय? हो का नाही?"

"ते नंतर. आधी दुकान उघडू." लांबून बस येताना दिसली, तसे ते पुढे सरकले. "सकाळपासून बंद आहे. कुणाचे तरी वाढले असतील."